वेदीखालची जागा

नाही भूपेशभाऊ, चुन्याची रेघ तिथं नका ओढू — बसा आधी, चहा घ्या. तुम्ही इंजिनियर, तिकडं शहरात, कॅम्प तीनमध्ये तुम्ही माळ्यावर माळे चढवत असाल, पण नव्या चर्चच्या खांबाचा खड्डा जुन्या वेदीच्या जागी खणायचा नाही. का? म्हातारीचा हट्ट समजा. — पाळकांनीच जागा दाखवली? त्यांना काय ठाऊक. त्यांनी स्मरणिकेत छापलंय, आमच्या ह्यांना, किसनरावांना या शेतात प्रकाश दिसला, म्हणून चर्च बांधलं. कसला प्रकाश? रॉकेल मिळत नव्हतं आम्हाला.

आम्ही नगरकडची ज्वारीची माणसं. बहात्तरच्या दुष्काळात इथं जांभूळला आलो, दुसऱ्याचं भातशेत वाट्यानं केलं. मी चपला घालून चिखलात उतरले, तर पाड्यावरच्या बाया म्हणाल्या, सरू, लग्नाला आलीस का गं? — हसा, मीही हसले होते. तोवर पदू होती ना कडेवर. हो, मुलगी होती मला. माझ्या मुलाच्या, हेमंतच्या आधीची, त्यालाही माहीत नाही. पुढच्या चैत्रात तापानं गेली. आम्हा ख्रिस्ती माणसांचं इथं कब्रस्तान कुठं, कुणाला विचारायचं? मालकाला कळतं तर शेत बाटवलं म्हणून हाकलून देता. गुपचूप शेतातच पुरली, वर दगड रचले, गावाकडे रचतात तसे. कोरडवाहू रानात दगड पिढ्यान्‌पिढ्या जागचा हलत नाही. भाताचा चिखल दगडही गिळतो, हे आम्हाला कुठं माहीत? पाणी भरलं, नांगर फिरला, सगळं शेत एकसारखं. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून चिखल चाचपतोय — मालक बांधावरून विचारतो, काय हरवलं? हे म्हणाले, विळा.

हाताला दगड लागले तसे यांनी तिथं चार मेढी रोवल्या, वर पेंढा टाकला. पुन्हा नांगर जायला नको, एवढंच. मालकाला सांगितलं, प्रार्थनेची जागा. देवाचं म्हटल्यावर त्यानं नांगर बाजूनं वळवला. मग दर रविवारी खरंच प्रार्थना करावी लागली की — लोक बघायला यायचे. आधी बुधाजी आला, मग त्याची सखू, मग अख्खा पाडा. असं झालं तुमचं चर्च, वेदी बरोबर त्या दगडांवर. इतकी वर्षं मी पहिल्या रांगेत बसते, लोकांना वाटतं भक्ती.

रेघ दोन हात सरकवा, एवढंच मागते. विचारलं तर सांगा, खाली खडक लागला — काय? पायाला खडक चांगला असतो? मग सांगा, चिखल आहे. ते तरी खोटं नाही.

पाळक आलेच बघा. डोळे पुसा, टेप उचला. हेमंतला बोलायचं नाही. जा आता — तसं सरळ नको. बाजूनं जा.