शंभर ग्रॅमची वाटी

एवढा घाम मला मिरच्यांच्या धुरात पण कधी फुटला नव्हता बघा. माझ्या खानावळीत एक पावणं आलं, मटण थाळी मागवली आणि पिशवीतनं छोटा वजनकाटा काढून टेबलावर ठेवला. मग रिकामी वाटी मागून घेतली, ती काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि सुक्कं मटण त्यात ओतलं.

मला वाटलं, वजनमापवालं आलं, आता टाळं लागतंय. बोर्डावर ‘शंभर ग्रॅम’ मीच लिहिलंय आणि आत सैपाक करणारी आक्का तर डावानं अंदाजे वाढती.

मी हात जोडले. “साहेब, चुकून कमी पडलं असंल.”

“साहेब कुठला? डॉक्टरनं मला शंभर ग्रॅमच खा म्हणून सांगितलंय. ह्यात दीडशे हाय की.”

जीव भांड्यात पडला आणि लगेच हिशोब डोक्यात आला. म्हणजे दोन थाळ्या विकल्या की तिसरीचं मटण मी फुकट वाटत हुतो, आणि ते पण वर्षभर.

तडक आत गेलो. “आक्का, तुला काटा आणून दिलेला, त्यो कुठाय?”

“हाय की. त्येच्यावर लसणाची बुट्टी ठेवलीया. लई झ्याक बसती.”