तिसरं कोटेशन

नको, त्या खुर्चीत नको परेशशेठ, तिथे गळतं — हो, मे महिना आहे, आभाळात ढग नाही, ठाऊक आहे मला, पण त्या खुर्चीत पाहुणा बसवायचा नाही ही घरातली पद्धतच पडून गेली. इकडे बसा. चहा घ्या. आणि वर बघा जरा — कौलांमधून उजेडाचे ठिपके दिसतायत ना? लोक तारे बघायला नेहरू तारांगणात जातात, मी दुपारी जेवता जेवता बघतो.

तर काय म्हणत होता, कौलं उतरवा आणि कलरचा पत्रा मारा? मारू की. आणा ते रंगांचं कार्ड. निळा नको. निळा म्हणजे वालीवच्या इंडस्ट्रीतला गाळा, माझ्या दारात उद्या टेम्पो येऊन माल कुठे उतरवू विचारेल. हिरवा? हिरव्या पत्र्याखाली लग्नाचा हॉल असतो. हा विटकरी बरा दिसतो — लांबून कौल, जवळून डबा. नाही, हसू नका, पत्र्यावर माझा राग नाही. चक्रीवादळात आमच्या शेजाऱ्याचा, स्टॅनीचा अख्खा पत्रा उडून माझ्या केळीत येऊन पडला होता, घड कापले गेले माझे, आणि स्टॅनी येऊन काय विचारतो — अंकल, पत्र्याला पोचा तर नाही ना आला? तेव्हापासून पत्र्याबद्दल मला आदर आहे.

सिमेंटचा? अहो, डोक्यावर माड आहेत दोन. पहिला नारळ पडला की सिमेंटचा पत्रा आणि त्याखालचा मी, दोघांनाही एकदमच मातीत घालावं लागेल. फायबरचा म्हणाल तर उजेड छान, पण दुपारी आत माणसाचा पापड होतो. ते फोम भरलेलं पॅनल दाखवलंत, ते मात्र मला आवडलं. आवाज येत नाही म्हणता? हे महत्त्वाचं. कारण साध्या पत्र्याखाली जुलैमध्ये नवरा-बायकोला भांडता येत नाही, एकमेकांचं ऐकूच जात नाही. तुम्ही हे जाहिरातीत टाका, गिऱ्हाइकांची रांग लागेल. आमच्याकडे उपयोग नाही, आमची एस्थर मुळातच हळू बोलते. अगदी रागावली तरी हळूच. जाताना सुद्धा —

कौलंच ठेवा म्हणायची ती. पत्र्याखाली दुकान असतं, घर नसतं, असं तिचं मत. बरोबर आहे, पण कौलं दर वर्षी उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवणार कोण? ते करणारे म्हातारे गेले आणि त्यांचे नातू मोटरसायकलवरून पिझ्झा पोचवतात. त्यात रात्रभर वरून मांजरं फिरणार. एक कौल सरकलं, पाणी नेमकं तिच्या उशीवर. माझ्या उशीवर नाही, बघा, थेंबालासुद्धा कळतं कोणाकडे तक्रार केल्यावर काम होत नाही. ती म्हणाली, छप्पर होईपर्यंत मी ॲनिशाकडे जाते. ॲनिशा आमची मुलगी, एव्हरशाईनला असते, सातव्या मजल्यावर. वर अजून माणसं राहतात, गळायचा प्रश्नच नाही. मी म्हटलं जा, चार दिवसांचा प्रश्न आहे.

नाही, तेव्हाच लावणार होतो! पण मी सगळी नोकरी सरकारी कचेरीत कारकुनी केली, परेशशेठ. तीन कोटेशनं आल्याशिवाय आम्ही केरसुणी घेतली नाही. एकाच माणसाचा भाव घेऊन काम द्यायचं म्हणजे संशयाला जागा. आता कोण संशय घेणार, असं एस्थरही म्हणाली. पण पद्धत ती पद्धत. तर पहिला येतो नाताळात, दुसरा येतो ईस्टरआधीच्या उपवासकाळात, तिसरा सापडेपर्यंत पहिल्याची मुदत संपते — लोखंडाचे भाव वाढले अंकल, नवीन काढावं लागेल. मग त्याला पुन्हा बोलवा. तोवर दुसरा फोन उचलत नाही. पाऊस येतो. पावसात कोण छप्पर उघडतं? असे पावसाळे गेले. ती दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर फोन करायची, छप्पर झालं का? मी म्हणायचो, तिसरं यायचंय.

काय बघताय तिथे? तो चौकोन ना? सायबिणीची, मरियामातेची तसबीर होती. भिंतीचा मूळ रंग तो, बाकी सगळी ओल. एस्थर गेली तेव्हा मुद्दाम ठेवून गेली होती — असू दे, येणारच आहे मी. खालचा दिवा मी लावायचो. म्हणजे लाईटच, बटण दाबायचं, त्यात काय मोठी भक्ती. मागच्या महिन्यात ॲनिशा आली आणि तसबीर घेऊन गेली. ओल लागते म्हणाली. बरोबर आहे, लागते. पिशवीत घालायला वर्तमानपत्र मीच काढून दिलं.

रविवारी एस्थरचा फोन आला होता की. येतोच. आंबे आले का, गोळ्या घेतोस का. छपराचं विचारायला विसरली. या खेपेला विसरली, त्या आधी पण विसरली. वय झालं.

हां, बोला. झालं लिहून? दाखवू नका, नुसतं सांगा — बाकीचे दोघे अजून मुदतीत आहेत का, असं विचारताय? आहेत. दोन्ही त्या कपाटावर आहेत. म्हणजे हे तुमचं... हो, तिसरंच की. कमाल आहे. आणि पावसाआधी करून देता? इतक्या लवकर? माणसं आहेत तुमच्याकडे? असं कसं, कोणाकडेच नसतात.

म्हणजे छप्पर होणार. झालं की मी फोन करणार, एस्थर, झालं, ये. आणि ती —

तो कागद खिशात घाला परेशशेठ. इथे ठेवू नका, इथे गळतं. चहा झाला ना? मापं घ्यायला लावलेली शिडी बाहेर तशीच राहू द्या, मी बघतो. स्टॅनीकडे जा तुम्ही, त्याला पत्रा हवाय. फाटक ओढून घ्या. जोरात नको, कौल पडतं.