दयाबाईंचा पहिला सण

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, तुम्ही नुसता सूर धरून ठेवा. आज दत्तजयंती. पाळणा झाला, सुंठवडा वाटून झाला – काहींनी दोनदा घेतला, मी पाहिलंय! – आता एका प्रश्नाचं उत्तर द्या.

शेजाऱ्याला त्याच्या सणाचं नाव घेऊन शुभेच्छा दिल्या, तर आपला देव बाटतो का?

गप्प! बरं, उलटं विचारते. कुणालाच वाईट वाटू नये म्हणून कुणाच्याच सणाचं नाव न घेता शुभेच्छा दिल्या, तर त्या पोचतात कुणाला? पुन्हा गप्प! अहो, सुंठवड्याच्या वेळी केवढा आवाज होता!

तर आज आख्यान पुराणातलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. मी नवी सून होते. आमचे हे साखर कारखान्यात होते, म्हणून कारखान्याच्या वसाहतीत खोली मिळाली. कौलारू चाळी, मध्ये नळ, नळापुढे पिंपळाचा पार. गळीत हंगामात मळीचा वास असा, की नवीन पाहुणा नाकाला पदर लावायचा आणि आम्हाला विचाराल तर – कसला वास? त्या वसाहतीत सगळ्या जातीधर्मांची माणसं. ईदेला शेवयांची खीर कुणाकडून येणार, हे पोरांना कॅलेंडराआधी कळायचं.

पण एके वर्षी पारावर भांडण झालं. कुणाच्या सणाला लाऊडस्पीकरवर किती वेळ शुभेच्छा दिल्या यावरून! वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष आबासाहेब ताकवले. माणूस वाईट नव्हता हो, भांडणाला भ्यायचा. त्यांनी तोडगा काढला. पत्र्याची पाटी रंगवून पारावर ठोकली – ‘सर्वांना सणासुदीच्या शुभेच्छा’. बारा महिने तीच! आणि नियम केला – यापुढे वसाहतीत जाहीरपणे कोणत्याही सणाचं नाव घ्यायचं नाही.

भांडण मिटलं का? मिटलं! जाणं-येणंही मिटलं. पाटी बोलतेय ना? मग आपण कशाला तोंड उघडा?

त्याच पावसाळ्यात शमुवेल उजागरे गेले. बॉयलरवरचे फिटर. ख्रिस्ती माणूस, चाळीत सगळ्यांचे स्टोव्ह फुकट दुरुस्त करायचे. मागे राहिल्या त्यांच्या बायको, दयाबाई. कारखान्याच्या दवाखान्यात दाई होत्या. वसाहतीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली!

आता आपल्यात रीत काय? घरात माणूस गेलं की त्या वर्षी त्या घरात कढई चढत नाही. पहिल्या सणाला शेजारीपाजारी फराळ घेऊन जातात, दोन घास खायला लावतात, दुखवटा काढतात. दिवाळी आली. आम्ही सगळ्या बायका ताटं घेऊन दयाबाईंकडे गेलो. पुढे द्वारकामावशी. ऊसकाट्यावरच्या कारकुनांची बायको. ठसठशीत कुंकू, आवाज असा की भोंग्याची गरज नाही.

दयाबाईंनी एक शंकरपाळी मोडून तोंडात घातली. डोळे पुसले. निघताना मावशींचा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, “द्वारकाबाई, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण माझा सण अजून यायचाय.”

मावशी तिथंच थबकल्या. बघा मंडळी! दुखवटा काढायला आलो, आणि सण नेला कुणाचा? आमचा! दयाबाईंचं दुःख मोजलं आमच्या पंचांगानं!

“आणि नाताळ झाला की मी कायमची भावाकडे जाणार,” दयाबाई म्हणाल्या. “दरवर्षी हे चांदणी टांगायचे. यंदा ते दार रिकामं… इथं कुणाला ठाऊक आहे तरी का, माझा सण कधी असतो?”

पेटीवाले, आता द्या सूर!

*नाव घेऊन मारली हाक, तीच पोचते दारापाशी।*
*सगळ्यांना जी एकदम दिली, ती राहते वाऱ्यापाशी॥*

डिसेंबर लागला. नाताळ दोन दिवसांवर आला आणि मावशींनी चुलीवर कढई ठेवली! भर मार्गशीर्षात चकल्यांचा वास साऱ्या चाळीत. माणसं दारं उघडून बघायला लागली. नळावर विमलबाई म्हणाल्या, “काय हो मावशी, आता कसला सण?”

“नाताळ!”

“अगं बाई! तुम्ही कशाला? बाटायला निघालात की काय?”

“विमल, माझा दत्त तीन तोंडांचा आहे. त्याला तिन्ही तोंडांनी एकच नाव घ्यायला लावणारी तू कोण? घागर भर, पाणी वाया चाललंय!”

हसताय काय? हे मावशींनी नळावर, सगळ्यांसमोर सांगितलं. त्या दिवसांत!

नाताळची संध्याकाळ. मावशी ताट घेऊन निघाल्या. वर विणलेला रुमाल. पाराशी आबासाहेब आडवे आले.

“वहिनी, जा तुम्ही. माझी ना नाही. पण तिथं नुसतं ‘सणाच्या शुभेच्छा’ म्हणा. नाव नका घेऊ. उद्या दुसरे विचारतील, परवा तिसरे. पुन्हा भांडणं!”

“आबासाहेब, शमुवेल गेले तेव्हा तुम्ही भेटायला गेलात ना? काय म्हणालात दयाबाईंना? ‘सर्व मृतांना शांती लाभो’ असं म्हणालात?”

“छे! असं कसं म्हणेन? शमुवेलचं नाव घेऊन रडलो मी!”

“मग! दुःखात नाव लागतं, आणि सणात नको? माणूस नावानिशी मरतो, मग त्याचा सण काय बेवारशी?”

आबासाहेब चिडले. “मला तुमच्या यजमानांशी बोलावं लागेल!”

“बोला की! घरीच आहेत. या चकल्या त्यांनीच पाडून दिल्यात!”

आणि मावशी पुढे चालू लागल्या. मंडळी, मी दारातून बघत होते. हात कणकेचे होते, तसेच पदराला पुसले, शिंक्यावरची गुळाची ढेप उचलली आणि मागे निघाले. पलीकडून हसीनाभाभी खीर घेऊन आल्या. आणि सगळ्यांच्या मागे, कुणी बघत नाहीसं बघून – डबीत साखर घेऊन – कोण? विमलबाई!

दयाबाईंच्या दारात दिवा नव्हता. चांदणी नव्हती. आत ट्रंक भरून, दोरीनं आवळून ठेवलेली. त्या दारात आल्या आणि आमच्याकडे बघतच राहिल्या.

“यंदा नाताळ नाही हो माझ्याकडे.”

“म्हणूनच आलो,” मावशी म्हणाल्या. “तुमच्याकडे नसतो तेव्हा तो शेजारणींनी आणायचा असतो. दयाबाई, आज तुमचा नाताळ आहे. शमुवेलभाऊ नाहीत. आम्ही आलोय. तोंड उघडा.”

त्यांनी चकलीचा तुकडा खाल्ला. मग असं रडल्या बाई, की पावसाळ्यापासूनचं सगळं रडून घेतलं. आम्ही रडू दिलं. मग हसीनाभाभींनी दिवा लावला. निघायची वेळ झाली, तशा दयाबाई एकदम उठल्या. “थांबा, थांबा! ताट रिकामं कसं देऊ?” आणि ट्रंकेची दोरी सोडायला बसल्या! गाठ सुटेना तर दातांनी सोडली. तळातून साखरेचा डबा काढला, आम्हा चौघींना मूठमूठ साखर दिली. ट्रंक उघडी ती उघडीच राहिली. त्या पुढे निवृत्त होईपर्यंत त्याच खोलीत राहिल्या. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांच्याच हातची.

आबासाहेब आले का? नाही आले! पाटीही तशीच राहिली. गंजून पडली तेव्हा पडली. खोटं कशाला सांगू? सगळेच सुधारत नाहीत. कीर्तनात सुधारतात तेवढेच!

आता तुमची पाळी. तुमच्या मोबाईलवर एक चित्र येतं – दिवा, चंद्र, तारा, कमळ, सगळं एकाच चौकोनात – आणि तुम्ही ते बोटानं साऱ्या गावाला ढकलता. झाली शेजारधर्माची पूर्तता! आणि दुसरे म्हणतात, परक्याच्या सणाचं नावसुद्धा जिभेवर नको. दोघांनाही शेजाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत चालायचा कंटाळा!

उद्या कुणी म्हणेल, बाईंनी दत्ताच्या देवळात नाताळचं नाव घेतलं. हो, घेतलं! पुन्हा घेते! नाताळ! ईद! बुद्धपौर्णिमा! पाडवा! बघा वर – कळस हलला का? बघा ना! हलला?

मग उठा. तुमच्या आळीत ज्या घरातलं माणूस यंदा गेलंय, त्या घराचा पहिला सण कोणता, हे आधी विचारून या. माहीत नसेल तर लाज वाटू दे, पण जा. आरती तुम्ही आल्यावर करू. देव थांबेल. त्याला आपली वाट बघायची सवय आहे.