चाळीस मिनिटं गप्प

विचियन : थांबवा लुंग थोंगदी, मशीन थांबवा. किती वेळ ही बाई अशी अधांतरी लोंबकळणार आहे?

थोंगदी : घड्याळ लावून बघितलंय मी. चाळीस मिनिटं. तोंडातून एक शब्द नाही.

विचियन : आणि आज रात्री पात्रांना आवाज देताना मी चाळीस मिनिटं माइकसमोर काय करू? जांभया देऊ? लोक चटया आणि चिकट भाताचे डबे घेऊन येतात ते माझी बडबड ऐकायला.

थोंगदी : मला वाटायचं, सिनेमा बघायला येतात. तीस वर्षं मशीन चालवतोय, कुणी सांगितलं नाही.

विचियन : चेष्टा पुरे. विहाराच्या जत्रेला हाच मिळाला का? मारामारीचा आणला असता तर डोळे मिटून थाई आवाज दिला असता.

थोंगदी : थोरल्या भंतेंनी निवडलाय. पोस्टरवर शनीची कडी बघितली आणि म्हणाले, हाच लावा. तू जाऊन सांग त्यांना.

विचियन : चाललं असतं हो, पण यात पडद्यावर दुसरं माणूसच नाही. यान फुटलं, सोबतचे गेले, उरली ही एकटी. पलीकडच्या यानापर्यंत बर्फाच्या तुकड्यांतून पोहत जायचंय तिला. आता मध्ये मध्ये मीच काहीतरी टाकतो. 'अगं बाई, एवढा बर्फ, सरबताची गाडी लाव.' असं.

लमदुअन : नको.

विचियन : काय म्हणालीस?

लमदुअन : विचियनदादा, नको ते. लुंग, थोडं मागे घ्या. ती दोर सोडते तिथे. आवाज वाढवा.

थोंगदी : घे. बघ आता. बाकी काही म्हणा, दिसतं काय सुरेख. तांदूळ पाखडावेत तसा बर्फ, आणि सगळ्यातून ऊन आरपार.

लमदुअन : ऐकलंत? आधी भराभर श्वास घेते. मग टाकीचा काटा बघते आणि एकेक मोजून घ्यायला लागते. तिचं बोलणं तेच आहे.

विचियन : असेल. पण आपण आवाज द्यायचा तर मूळ आवाज बंद करावा लागतो. श्वासही जाणार त्याच्याबरोबर.

लमदुअन : मी घेईन.

विचियन : काय घेशील?

लमदुअन : श्वास. माइकवर.

विचियन : लमदुअन, गळा बिघडला तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते?

लमदुअन : गळ्याला ताण देऊ नका म्हणाले होते. श्वास घेऊ नका असं नाही म्हणाले.

थोंगदी : हे बरोबर आहे तिचं.

विचियन : तुम्ही मध्ये पडू नका. बरं, श्वास घेतलास. शेवटी ती रेडिओवर बोलते त्याचं काय? ते मी करतो बायकी आवाजात.

थोंगदी : गेल्या महिन्यात तू बायकी आवाजात रडलास, तेव्हा लोक हसून लोळले. आई मेली होती रे त्यात.

लमदुअन : ते वाक्यही मीच म्हणेन.

विचियन : या घोगऱ्या आवाजात?

लमदुअन : तिची हवा संपत आलीय, घसा कोरडा पडलाय. ती काय कोकिळेसारखी बोलेल?

विचियन : लोक हसतील. मला हसले तर माझं पोट भरतं. तुला हसले तर मला पुन्हा माइक धरवणार नाही.

लमदुअन : आवाज गेल्यापासून दोन वर्षं मी तुमच्याशेजारी बसून नुसते कागद उलटतेय. त्यापेक्षा हसू देत.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, विहारामागच्या शेतात. तिघे पडदा उतरवून घडी घालताहेत.)

थोंगदी : तुम्ही दोघं पडद्याकडे तोंड करून बसलेले. माणसं मला दिसत होती.

विचियन : किती उठून गेले?

थोंगदी : सुरुवातीला पाच-सहा. ही श्वास घ्यायला लागली आणि बाकीचे खायचे थांबले. मग वाऱ्याने पडदा फुगला. अख्खा शनी छाती भरून घेतोय असं वाटलं. माझ्यापुढे एक ट्रॅक्टरवाला बसला होता, आडदांड. तोसुद्धा हिच्याबरोबर श्वास मोजत होता.

लमदुअन : मला चक्कर येईल की काय, असं वाटत होतं.

थोंगदी : आणि शेवटी तू म्हणालीस, 'मी इथे आहे. कुणी ऐकतंय का?' तेव्हा रेडिओवरून 'ऐकतोय' म्हणायचं कुणी होतं, विचियन? एक शब्द होता तुझा.

विचियन : माहीत आहे.

थोंगदी : म्हणाला नाहीस.

विचियन : निघालाच नाही. तोंड उघडलं होतं मी.

थोंगदी : म्हणून तर ती मासे भाजणारी म्हातारी उभी राहिली. 'ऐकतोय गं पोरी, बोल.' मग मागून कुणीतरी, मग सगळं शेतच ओरडायला लागलं, ऐकतोय, ऐकतोय म्हणून.

लमदुअन : मला वाटलं, यांनीच लोकांना सांगून ठेवलं होतं.

विचियन : मी? मला समोरचा कागद दिसत नव्हता, लमदुअन.

थोंगदी : ते टोक धरा नीट, चिखलात जातंय. आज नदीपलीकडचं गाव आहे. विनोदी सिनेमा. सासू सगळ्या भाडेकरूंना घराबाहेर काढते, तो.

विचियन : हां, तो सोपा आहे. दोन्ही बायका मी उरकतो. तुझ्या गळ्याला आज विश्रांती.

लमदुअन : नायिका तुम्ही करा. सासू मला द्या.

विचियन : तिला फार बोलायचंय. पानंच्या पानं आहेत.

लमदुअन : असू देत. भांडकुदळ आहे ना? हा आवाज तिला शोभेल.

थोंगदी : शोभेलच. मला आत्ताच भीती वाटायला लागलीय.

विचियन : आणि जमलं नाही तर मध्येच थांबशील? पुढचं मी घ्यावं म्हणून माझ्याकडे बघशील?

लमदुअन : बघेन. कागद द्या इकडे. गाव येईपर्यंत वाचून होतील.