बेटावरचा जबडा

काय म्हणालीस? एकोणीस जुळले आणि एक नाही? तुझाच काहीतरी घोळ झाला असेल. घे, कॉफी घे, सुकं मांस बुडव त्यात, नुसती काय पितेस — अगं, पोतंभर जबडे दिले मी तुला, सगळे आमच्याच कळपाचे, उन्हाळाभर ह्याच टेकड्यांवर चरलेली जनावरं! तू काय म्हणाली होतीस? वरच्या माळावर हजारो वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांनी खणलेले खड्डे आहेत, त्यात रेनडियरची हाडं सापडलीत, ती कुठनं कुठं जायची ते बघायचंय, ताडून बघायला आत्ताचे जबडे द्या. मला वाटलं, वय बघत असशील. लहानपणी कुठला चारा खाल्ला, कुठलं पाणी प्यायलं ते दातात राहतं — हे आधी नाही का सांगायचं, बये?

बेटावरचा? बेटावर माझ्या भावाचा कळप जायचा, हेइक्काचा. लग्नात दिली असेल त्यानं मला. — नाही, लग्नात दोन नर दिले होते, तेही बारके. पण ती मादी गुणाची हो, अख्खा कळप तिच्या मागनं चालायचा... काय? मादी असं तू म्हणाली नव्हतीस? बरं. मी म्हणाले.

लिहू नकोस गं, ठेव ती पेन्सिल. त्या हिवाळ्यात आमच्याकडं पाऊस पडला आणि वर गोठला, बर्फाखालचं दगडफूल, जनावरांचा हिवाळ्यातला चारा, त्यांना उकरता येईना, रोज चार-पाच मरायची. नवरा अंथरुणाला खिळलेला. हेइक्काकडं मात्र सगळं धड. आणि त्याची ही मादी, चांगली गुबगुबीत, आपल्या पायानं माझ्या दारात आली. कापली मी. पोटासाठी? छे, खोटं कशाला बोलू, जळफळाट झाला माझा! मालकाची खूण कानावर असते, कान चुलीत घातले की संपलं — आम्ही सगळे तेच समजत आलो. जबडा टाकला ढिगात. जबड्याला कोण विचारतंय!

बर्फ वितळायच्या दिवसांत हेइक्का शोधत आला. ताई, पाहिलीस का गं? मी म्हटलं, वरच्या तळ्यापलीकडं दिसली होती. तळ्यावरचं बर्फ पातळ झालंय हे मला माहीत होतं का? — होतं. वाटलं, वळसा घालून जाईल. नाही गेला वळसा घालून.

मागं लाकडं फोडल्याचा आवाज येतोय ना? तो योव्ना, त्याचा मुलगा. आत्या-आत्या करतो, दुसरं आहे कोण मला? म्हणून म्हणते, वीसच्या वीस जुळले असं लिही ना, तुझं काय जातंय? दर उन्हाळ्यात पोरगा होडी काढतो, दोराला आकडा लावून तळ ढवळतो, बापाची हाडं तरी मिळतील म्हणून. सव्वीस वर्षं. खालच्या तळ्यात. — हो, खालच्या. शोधायला आले त्यांना मीच सांगितलं, तो खाली गेला म्हणून. माझं नाव येऊ नये म्हणून.

अशी बघू नकोस माझ्याकडं. ऊठ. जाताना योव्नाला म्हणावं, आत्या बोलावतेय. एवढंच म्हण, पुढचं मी सांगते. आणि तू परत आत येऊ नकोस. — जा ना गं, अजून काय बसलीस!