समुद्राची गाणी

अरे थांब, गिरीश, वर नको जाऊस इतक्यात — कोक आणायला म्हणून तुला गराजमध्ये आणलंय खरं, पण कोक राहू दे, आधी माझं ऐक. मघाशी तू त्या फ्रेंच रेकॉर्डचं कव्हर उचलून वाचायला लागलास ना, तेव्हाच ठरवलं. तुला फ्रेंच येतं, मला माहितीय. म्हणूनच सांगते — वर मालिनी बसलीय ना, तिनं विचारलं तर गाण्यांचा अर्थ सांगू नकोस. मी तिला सांगितलंय, ही समुद्राची गाणी आहेत. हो, खोटं! पुण्यात बी.ए.ला फ्रेंच होतं माझं, शब्द न् शब्द कळतो मला.

ही गाणारी सोलांज आमच्याकडेच राहायची, वरच्या खोलीत. इथल्या हायस्कूलमध्ये वर्षभर शिकवायला आली होती. शाळेतून आली की गिटार घेऊन बसायची. आता पॅरिसला नाव होतंय तिचं, ही पहिलीच रेकॉर्ड — आणि नुसती सुटी गाणी नाहीत रे, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच बाईची गोष्ट. बाई बाळाची वाट बघते, पिवळी टोपी विणते, खोली रंगवते, आणि हॉस्पिटलमधून रिकाम्या हातांनी घरी येते. शेवटच्या गाण्यात ती नुसतं विचारत राहते, त्या खोलीचं दार उघडं ठेवू की लावून घेऊ. कोणाची गोष्ट? मालिनीची. आणि सोलांजला कोणी सांगितली? मीच, दुसरं कोण!

मालिनी कोणाशीच बोलली नव्हती. उल्हास — तिचा नवरा — त्या विषयावर अवाक्षर काढत नाही. एक दुपार फक्त माझ्यापाशी बोलली ती, वर किचनमध्ये. आणि मी? त्याच आठवड्यात सोलांजला सगळं सांगून मोकळी. कळवळा म्हणून? तसं म्हणायला बरं वाटतं. खरं सांगू — कितीतरी वर्षांनी फ्रेंच बोलायला कोणी मिळालं होतं मला. ‘पाळणा’ला शब्द आठवेना, तर डिक्शनरी काढली, आणि सापडला तेव्हा आनंद झाला! सोलांज रडायला लागली, तर मनात आलं, वा, अजून छान बोलता येतं की आपल्याला.

आता मालिनी दर शनिवारी येते आणि आल्या आल्या — "वसुधा, ती रेकॉर्ड लाव ना." डोळे मिटून ऐकते. आणि मी समोर बसून लाटा, होड्या, काहीबाही रचून सांगते. तूही तेच सांग, बस्स —

काय? माहितीय तिला? कोणी सांगितलं — तू? कधी? … हं, तुला ट्रेनला तीच सोडते ना. कारमध्ये टेप? माझ्याच रेकॉर्डवरून भरून घेतलेली! आणि तू सगळं सांगितलंस? टोपीसुद्धा? … रडली? नाही? मग म्हणाली काय? … "कोणीतरी बोललं एकदाचं." एवढंच? आणि माझ्याबद्दल? बोल ना, गिरीश. … "वसुधाला कळू देऊ नकोस, तिला फार लागेल."

म्हणजे मी लाटा सांगत होते, आणि ती ऐकून घेत होती. "मग होडी परत येते का गं?" असंही विचारायची रे. सगळं माहीत असून — माझं मन राखायला विचारायची.

नाही, ठीक आहे मी. तू जा वर. मालिनीला सांग — नको, काही नको सांगूस. जा म्हटलं ना.