कीबोर्डमधली अक्षता

दसऱ्याच्या सकाळी आपल्या मंडळाचा जुना कॉम्प्युटर सुरू झाला, आणि त्या क्षणापासून माझं काही खरं राहिलं नाही.

माफ करा, आधी रीतसर. सन्माननीय अध्यक्ष अण्णासाहेब, व्यासपीठावरच्या पाहुण्या कुमुदताई, करोल बागेतल्या आपल्या या छोट्या मराठी मंडळाचे सभासद, अभ्यासिकेतले यार-दोस्त, आणि अधिकारी होऊन आज मसुरीला निघालेली आपली उत्तरा.

अण्णासाहेब, खुणा करू नका. 'ताई' मी म्हणणार नाही.

तर अभ्यासिकेच्या कोपऱ्यातला तो म्हातारा कॉम्प्युटर. खंडेनवमीला त्याची यथासांग पूजा झाली आणि तेव्हापासून तो अडला. बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह यायचं, आणि तिथेच थिजायचा. मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला; तेवढ्यावर मंडळाने मला इंजिनिअर ठरवलेलं. मी रॅम पुसून बसवली. दुसरा पॉवर सप्लाय लावला. हार्ड डिस्कची वायर बदलली. चिन्ह येई, पुढे काही नाही. शेवटी मी त्याला लाथ घातली. अण्णासाहेब म्हणाले, "देऊन टाक रे कबाडीवाल्याला!"

उत्तरा पुस्तक मिटून उठली.

"मारून झालं?"

"झालं."

"मग मागचं सगळं काढ. फक्त स्क्रीन राहू दे."

"यार, त्याने काय होणार?"

"माहीत नाही. म्हणूनच तर काढायचं."

ऐकलंत? माहीत नाही, म्हणून! मला काही माहीत नसलं की आजवर फक्त राग यायचा. माहीत नसताना कुणी इतकं शांत राहू शकतं, हे मी पहिल्यांदा बघत होतो.

प्रिंटर, माउस, कीबोर्ड, सगळं काढलं. कॉम्प्युटरने कीबोर्ड नसल्याची कुरकुर केली, पण चिन्ह ओलांडून तो चक्क पुढे गेला! मग ती एकेक वस्तू लावायला सांगे, आणि दर वेळी नव्याने सुरू करायला. कीबोर्ड लावला आणि पुन्हा थिजला. तिने कीबोर्ड उलटा धरून हलकेच थोपटला. टेबलावर कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा पडला. पूजेतली अक्षता कडेच्या बटणात रुतली होती. बटण सारखं दाबलेलं, आणि बिचारा कॉम्प्युटर कुणीतरी बोट उचलायची वाट बघत बसलेला.

त्या अक्षता वाहिल्या कुणी होत्या? हिनेच, मूठभर! "अच्छा, म्हणजे चोर मीच," म्हणून इतकी हसली, की मी कामातून गेलो.

पुढे मी तिला विचारलं. काय, ते सांगायला हवं का? "नाही, आशय," ती म्हणाली. आवाज न चढवता. मी चढवला, जाताना दारही आपटलं, ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंच. दुसऱ्या दिवशी हीच मुलगी माझ्यासमोर चहा ठेवून विचारते, "कॉम्प्युटर चालतोय ना?" एवढं मोठं मन येतं कुठून? मला अजून कळलेलं नाही.

उत्तरा, स्टेशनवर ये म्हणालीस. नाही येणार. आलो तर पुन्हा तेच विचारेन. बोट उचलायला हवं, एवढं समजलंय. तो दाणा मात्र माझ्या फोनच्या कव्हरमध्ये आहे, तो परत मिळणार नाही.

अण्णासाहेबांनी माझ्यासारख्याला बोलू दिलं, त्यांचे मनापासून आभार. जीभ कुठे घसरली असेल तर पोटात घाला. टाळ्या तिच्यासाठी ठेवा.

मी निघतो. एसी चालू आहे, दार लावून घेतो. आज आपटणार नाही.